धागा तुटला की माग थांबतो: टोयोटा आणि सेकंडहँड इनोव्हा

ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला की पलीकडून ठरलेला प्रश्न येतो: ‘सेडान देऊ, अर्टिगा देऊ की इनोव्हा?’ यातला पहिला शब्द गाडीचा प्रकार आहे आणि पुढची दोन गाड्यांची नावं, पण ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. अष्टविनायक असो, गणपतीत कोकणात जाणं असो की नवरीकडच्या म्हाताऱ्या माणसांना कार्यालयापर्यंत नेणं असो, इनोव्हा हा भाड्याचा एक वेगळा वर्गच होऊन बसला आहे. किलोमीटरमागे चार पैसे जास्त पडतात आणि लोक फारशी कुरकुर न करता देतात.

गॅरेजांत या गाडीबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इनोव्हा मरत नाही.’ खरं आहे ते. पण लोक त्याचा अर्थ भलताच लावतात. जी मरत नाही ती आजारीही पडत नाही असं धरून चालतात, सर्व्हिस पुढे ढकलतात, आणि ती बिचारी तशीच पळत राहते. मग विक्रीला येते तेव्हा पार खिळखिळी झालेली इनोव्हाही पहिल्या सेल्फला चालू होते, एसी गार करतो, पिकअप ठीक वाटतो. घेणारा फसतो तो इथे. आणि गंमत अशी, की ज्या कंपनीची ही गाडी, तिचा सगळा डोलारा ‘बिघडलं की लगेच थांब’ या एका कल्पनेवर उभा आहे. ही कल्पना मोटारीच्या कारखान्यात जन्मली नाही. ती कापडाच्या मागावर जन्मली.

साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. जन्म १८६७, गाव आजच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई शहराच्या हद्दीतलं. हातमाग सुधारण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९२४ साली त्यांचा ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग तयार झाला. इचलकरंजी किंवा मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांचे दिवस गेलेत त्यांना त्यातली मेख चटकन कळेल. ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर पुढचं सगळं कापड डागी. म्हणून माणूस डोळ्यांत तेल घालून मागापाशी उभा ठेवावा लागतो. साकिचींचा माग धागा तुटताच आपला आपण थांबायचा. उलट धोट्यातली, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या भागातली, कांडी संपत आली, तर माग न थांबता भरलेला धोटा आत यायचा. थांबायचं कुठे आणि थांबायचं नाही कुठे, हे यंत्रालाच कळत असल्यामुळे एक कामगार एकट्याने कितीतरी माग सांभाळू लागला.

या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १ लाख पौंडांना घ्यायचं ठरवलं. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांना मोटारीचं वेड होतं. १९३३ मध्ये मागांच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग सुरू झाला, १९३५ मध्ये पहिला ट्रक, १९३६ मध्ये ‘एए’ नावाची पहिली मोटार, आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र कंपनी. तो पहिला ट्रक, जी-१, वाटेत सारखा मोडायचा. मोडला की कंपनीची माणसं धावत जाऊन दुरुस्त करायची आणि काय मोडलं ते लिहून आणायची. आजचा लौकिक पाहता हे पटायला जड जातं, पण सुरुवात अशीच झाली.

नावाचीही एक गोष्ट आहे. घराण्याचं आडनाव टोयोडा, म्हणजे साधारणपणे भरघोस पिकणारी भातखाचरं. १९३६ मध्ये बोधचिन्हासाठी लोकांकडून कल्पना मागवल्या आणि त्यातून ‘टोयोटा’ पुढे आलं. जपानी काताकाना लिपीत ते आठ फराट्यांत लिहून होतं, आणि आठ हा आकडा तिकडे शुभ. शिवाय घराण्याचं नाव थोडं बाजूला पडून कंपनी सगळ्यांची वाटू लागली. पुढे १९५९ मध्ये कोरोमो या गावाने स्वतःचंच नाव बदलून टोयोटा करून घेतलं. गावाला कारखान्याचं नाव मिळणं आपल्याला नवीन नाही, कारखान्याच्या नावावरून वाडी वसलेली आपण पाहिली आहे. त्या वाडीकडे पुढे येतोच.

युद्धानंतर कंपनी बुडायला आली होती. १९५० मध्ये कामगारकपात आणि संप झाला आणि किइचिरोंना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तगली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये गेले. १९५७ मध्ये ‘क्राउन’ अमेरिकेत नेली, तर जपानच्या अरुंद, कच्च्या रस्त्यांवर दणकट ठरलेली ती गाडी कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर धापा टाकू लागली: ताकद कमी, वेग वाढला की थरथर, इंजिन गरम. निर्यात थांबवावी लागली. १९६६ मध्ये १०७७ सीसीची कोरोला आली आणि मग मागे वळून बघावं लागलं नाही.

या सगळ्या काळात ताइइची ओनो हा माणूस कारखान्यात ठाण मांडून होता. तोही आधी टोयोडांच्या सूतगिरणीतला. त्याने मागाची युक्ती असेंब्ली लाइनवर आणली: कोणाही कामगाराला चूक दिसली तर त्याने दोरी ओढायची, दिवा लागतो, तोडगा निघाला नाही तर लाइन थांबते. आणि थांबल्यावर वरवरची मलमपट्टी करायची नाही, ‘का?’ हा प्रश्न एकामागोमाग पाच वेळा विचारायचा. हे पाच ‘का’ लक्षात ठेवा, इनोव्हाचं बॉनेट उघडल्यावर लागणार आहेत.

आता आपल्याकडे. इनोव्हाचं मूळ घर जपानपेक्षा इंडोनेशिया म्हणायला हवं. १९७७ मध्ये तिथे ‘किजांग’ नावाची स्वस्त, सपाट पत्र्यांची, खोक्यासारखी मालवाहू गाडी निघाली. किजांग म्हणजे आपल्या सह्याद्रीत मिळतं ते भेकर. बॉनेट उघडलं की मगरीने जबडा वासल्यासारखं दिसायचं म्हणून तिथल्या लोकांनी तिला ‘बुआया’, म्हणजे मगर, हे टोपणनाव दिलं. मालवाहू गाडीचीच पुढे कुटुंबाची गाडी झाली, आणि तिसऱ्या पिढीची किजांग २००० साली भारतात ‘क्वालिस’ म्हणून उतरली.

उतरली ती किर्लोस्करांचा हात धरून. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, साकिचींपेक्षा दोनच वर्षांनी धाकटे. बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी. त्यांच्या पणतवाच्या, विक्रम किर्लोस्करांच्या, पुढाकाराने टोयोडांशी भागीदारी झाली तीही आधी मागांसाठी, १९९५ मध्ये. मोटारीची कंपनी १९९७ ची, कारखाना बेंगळुरूजवळ बिडदीला. आज त्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आहे, किर्लोस्करांचा ११. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात नवा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार झाला, आकडा सुमारे २० हजार कोटींचा सांगितला गेला.

क्वालिस दिसायला तेव्हाही जुनाट होती. २४४६ सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, ७५ पीएस (अश्वशक्ती), मागे पाटे. चढावर दुसरा गिअर टाकून निवांत बसायचं. पण डिझेल पंप साधा यांत्रिक, तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही हात घालू शकेल असा, आणि बाकी गाडीत बिघडायला फारसं काही नाही. विक्री जोरात असताना कंपनीने ती बंद केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये इनोव्हा आणली. तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला होता. वेडेपणा नव्हता.

जुनी इनोव्हा, म्हणजे २००५ ते २०१६, हिचं डिझेल इंजिन टू-केडी. २४९४ सीसी, कॉमन रेल, १०२ पीएस. कागदावर आकडे किरकोळ आहेत. पण टॉर्क १४०० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे आठ माणसं आणि वर कॅरिअर असतानाही गाडी कसारा किंवा आंबोली तक्रार न करता चढते. ट्रकसारखी लोखंडी चेसिस, मागची चाकं ओढणारी रचना, मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. मधल्या ओळीत बसणाऱ्याला हिच्याइतका आराम त्या किमतीत दुसरीकडे मिळत नव्हता, हे वापरणारे सगळेच सांगतात. आत चढायला पाय फार उचलावा लागत नाही, गुडघेदुखी असलेल्यांना हे पहिलं जाणवतं. छतातून मागच्या दोन्ही ओळींना एसी. मायलेज लांबच्या रस्त्यावर १२-१३, शहरात १० च्या आसपास. ५५ लिटरची टाकी भरली तरी पुणे-नागपूरच्या ७०० किलोमीटरला वाटेत एकदा पंपावर थांबलेलं बरं.

गाऱ्हाणीही ठरलेली आहेत. हेडलाइट मिणमिणते. मागची ओळ वापरात असली की सामानाला जागाच नाही, म्हणून छतावर कॅरिअर, आणि कॅरिअर भरलं की वळणावर गाडी झुलते. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकवर अवलंबून राहू नये. मागे ड्रम आहेत, तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, जुन्या ड्रायव्हरांचं हे म्हणणं या गाडीला तंतोतंत लागू पडतं.

मे २०१६ ची पुढची इनोव्हा, क्रिस्टा, ही सर्व बाजूंनी मोठी झेप होती. २.४ लिटर, १५० पीएस, टायमिंग बेल्टच्या जागी चेन. पार्किंग करताना स्टीअरिंग जड लागतं आणि बीएस-६ गाड्यांत धुराड्याला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे, त्यामुळे रोज तीन-चार किलोमीटरच फिरवायची असेल तर क्रिस्टा डिझेल घेऊच नये. डीपीएफमधली काजळी जळायला इंजिन सलग वीस-पंचवीस मिनिटं तापलेलं राहावं लागतं. हायक्रॉस, २०२२ अखेरची, ही तर नावापुरती इनोव्हा. चेसिस नाही, पुढची चाकं ओढणारी, डिझेल नाही. पण हायब्रिड शहरात खरंच कमी पितं, मालक १५ ते १८ चे आकडे सांगतात. जाहिरातीतला २३ चा आकडा मात्र सोडून द्या. तिच्या बाबतीत दोन गोष्टी. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर धूळ आणि केस साचू देऊ नका. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, धक्का मारूनही काही उपयोग नाही.

टोयोटाच्या इटिऑसबद्दल एवढंच: टॅक्सीवाल्यांनी डोक्यावर घेतली, घरगुती गिऱ्हाइकाने मधोमध बसवलेला मीटर बघून नाक मुरडलं. टोयोटाची ग्लांझा म्हणजे सुझुकीची बलेनो. आवडत असेल तर घ्या, पण टोयोटाचं इंजिन म्हणून घेऊ नका. योगायोग बघा, सुझुकीची सुरुवातही १९०९ मध्ये मागाच्या कारखान्यातूनच झाली, आणि तीही कोसाईच्या शेजारच्या हामामात्सूत.

आता मूळ मुद्दा: टू-केडीची जुनी इनोव्हा बघायला गेलात तर काय बघायचं.

इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याला आधीच सांगा की सकाळपासून चालू करू नको, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर तिथेच सावध. थंड इंजिन चालू करून कान द्या. नेहमीच्या डिझेलच्या खडखडीच्या आत ‘छुक छुक’ असा हवा निसटल्यासारखा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर इंजेक्टरच्या बुडाखालचे तांब्याचे वॉशर गळत आहेत. या इंजिनचं हे सगळ्यांत महागात पडणारं दुखणं, आणि ओनोंचे पाच ‘का’ इथेच कामाला येतात.

गाडी आतून ठोके देते, ऑइलचा दिवा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, लुकलुकतो. का? ऑइलचं प्रेशर कमी. का? सम्पमधली, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑइलच्या भांड्यातली, ऑइल शोषून घेणारी जाळी डांबरासारख्या काळ्या गाळाने बुजली आहे. का? ऑइलमध्ये बेसुमार काजळी मिसळते आहे. का? इंजेक्टरचा वॉशर गळतो आणि सिलिंडरमधला जळका धूर वर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत घुसतो. बाहेर काही दिसत नाही; सगळं ऑइलमध्ये उतरतं. का? इंजेक्टर कधीतरी काढले तेव्हा तेच जुने वॉशर परत बसवले, नाहीतर दीड-दोन लाख किलोमीटरमध्ये कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बहुतेक ठिकाणी चौकशी पहिल्या ‘का’वर थांबते आणि ‘जाड ऑइल टाकून बघू’ असा सल्ला मिळतो. जाड ऑइल बुजलेल्या जाळीतून आणखी कमी जातं. मग बेअरिंग धरतात आणि इंजिन बांधायला निघतं. किमतीने नाण्याएवढ्या चार वॉशरपायी.

उपाय सोपा आहे, वेळेवर केला तर. इंजेक्टर बाहेर काढला की वॉशर नवीन, यात तडजोड नाही. जुना वॉशर खाली चिकटून राहिला असेल तर तो आधी काढायचा. त्याच्यावरच नवा ठेवला की गळती नक्की. बसण्याची जागा काजळी खरवडून लख्ख करायची. जाळीची शंका असेल तर खालचा सम्प उतरवून बघणं हे काही तासांचं काम आहे, आणि गाडी घेण्याआधी विकणारा याला तयार होत नसेल तर तेही एक उत्तरच. ऑइल साडेसहा ते सात लिटर लागतं. ‘पाच लिटरचा डबा पुरतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला डिपस्टिक काढून दाखवा.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून उचला. थोडी वाफ चालते. झाकण उडू पाहत असेल, धूर दमादमाने बाहेर येत असेल, तर मिस्त्री ज्याला बॅक कम्प्रेशन म्हणतात ते हेच: पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मात्र गळणाऱ्या वॉशरमुळेही अगदी असाच दाब दिसू शकतो. म्हणजे इंजिन गेलं म्हणून स्वस्तात विकली जाणारी एखादी गाडी निव्वळ वॉशरवर सुधारण्याजोगी असू शकते. कम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय पैज लावू नये, एवढंच.

आयडलला आरपीएमचा काटा खालीवर झुलतो, सिग्नलला क्लच दाबला की गाडी बंद पडते, परत सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू होते. या लक्षणांवर ‘डिझेल पंप गेला’ असा निकाल ऐकायला मिळतो आणि आकडा ऐकून घाम फुटतो. आधी पंपावरचा एससीव्ही, म्हणजे पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, बदलून बघायला सांगा. दोन बोल्ट आणि एक सॉकेट, एवढाच तो भाग. पंपाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. खोलण्याआधी भोवतालची जागा ब्रशने आणि हवेने स्वच्छ करून घ्यायची, कारण वाळूचा एक कण आत गेला तर खरोखरच पंप जाईल. बसवल्यावर स्कॅनर लावून नव्या व्हॉल्व्हची नोंद करून घेतली की काम नीट होतं.

इंजेक्टर तपासायला रिटर्न टेस्ट करतात: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. नवा टाकताना त्याच्यावर कोड छापलेला असेल तर तो ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, भरावा लागतो. तो न भरताच ‘झाली गाडी’ म्हणून हातात दिली तर आयडलला थरथर तशीच राहते आणि दोष नव्या इंजेक्टरला लागतो.

डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला तर घाबरायचं नाही, पण पुढेही दामटायचं नाही. खाली काचेची बरणी धरा, फिल्टरच्या बुडाचा प्लग दोन-तीन आटे सैल करा आणि वरचा हातपंप दाबत राहा. आधी पाणी येतं, मग गढूळ, मग स्वच्छ डिझेल. स्वच्छ आलं की प्लग हाताने घट्ट करा. बरणी पाच मिनिटं ठेवून बघितली तर तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसतो. तो बोटभर असेल तर पंप बदला, गाडीतला नव्हे, डिझेल भरता तो.

टू-केडीला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, पण बेल्ट न बदलता तो दिवा विझवता येतो, म्हणून विकणाऱ्याने ‘दिवा नाही ना लागला’ म्हटलं तर ऐकून सोडून द्या. बिल असेल तर ठीक. नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून वळते करा. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर पुलीही नवीन हवी. पुलीचं बेअरिंग धरलं की नवा कोरा बेल्टही तुटतो.

कूलंट टाकीत बघा: गुलाबी असला पाहिजे. गंजाच्या रंगाचं पाणी दिसलं तर कोणीतरी बोअरचं पाणी ओतत आलं आहे आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसले आहेत. तेलकट तवंग दिसला तर दुसरी गाडी बघा.

सस्पेन्शनमध्ये एक भाग जीवावर बेतणारा आहे, तो म्हणजे पुढचा लोअर बॉल जॉइंट. गाडीचं वजन त्याच्यावर येतं. तो निसटला की चाक आत दुमडतं. तपासताना जॅक चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा ताण जॉइंट आवळून धरतो आणि ढिलाई लपते. जॅक लोअर आर्मखाली लावा, चाक जमिनीपासून इंचभर उचला, टायरखाली पहार घालून वर रेटा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. बोटाला खट्ट लागलं तर त्याच दिवशी बदला, दोन्ही बाजूंचे. रबराचं बूट फाटलं असेल तर जॉइंट अजून टणक वाटला तरी पावसाळा काढणार नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना मागून ‘ठक’ आलं तर प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस बघा. ग्रीस निपल असूनही तिथे ग्रीस मारायला सगळे विसरतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याकडची गाडी असेल तर खाली झोपून चेसिस बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. मागच्या चाकांवरचा चेसिसचा भाग, आडवे पट्टे, ब्रेकचे पाइप. छोट्या हातोडीने टिचक्या मारत जा, टणत्कार यावा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पत्रा संपला आहे. गाडी दहा वर्षांची आणि बुडाला काळा रंग मात्र कालचा असेल तर त्या रंगाखालीच बघायचं असतं. पुरात बुडालेली गाडी ओळखायला मधल्या सीटच्या रुळांत नख घाला. वरून कितीही धुतली तरी तिथे वाळलेला बारीक गाळ राहतो, आणि सीटखालच्या स्प्रिंगा गंजलेल्या असतात.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘फक्त ९५ हजार’ वाचून मन पाघळतंच. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चेपली आहे का, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आहे का, ते पाहा. पेडलचं रबर नवं कोरं आणि सीट दबलेली असेल तर रबर मुद्दाम बदललं आहे. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून जुनी सर्व्हिस नोंद काढता आली तर उत्तम. टॅक्सीची पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी आणखी काही खुणांवरून कळते: छतावर कॅरिअरची बुजवलेली भोकं, डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नरच्या कापलेल्या वायरी. अशी गाडी वाईटच असं नाही. रोज चालणाऱ्या टॅक्सीचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, आणि बंगल्यात उभ्या राहिलेल्या, वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा ती कधी कधी बरी निघते. फक्त परमिट सरेंडर झाल्याचे आणि खासगीत रूपांतर झाल्याचे कागद पुरे असावेत.

दिल्लीच्या इनोव्हा हा वेगळाच बाजार आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, त्यामुळे त्या इकडे स्वस्तात येतात. समुद्राचा गंज नसतो, रस्ते सपाट, म्हणून यांत्रिक बाजू अनेकदा चांगली. पण एनओसी ज्या आरटीओच्या नावाने काढली असेल तिथेच नोंदणी होते, त्यामुळे एजंटने ‘कुठेही चालते’ म्हटलं तरी एनओसीवर आपल्या आरटीओचं नाव वाचून घ्या. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर आहे का पाहा. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो किमतीत धरा. आणि एमएच नंबर नवा मिळाला म्हणून गाडीचं वय कमी होत नाही: पंधरा वर्षं मोजतात ती दिल्लीतल्या पहिल्या नोंदणीपासून, त्यानंतर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर. २०१२ ची गाडी २०२५ मध्ये आणलीत तर हातात दोन वर्षं उरतात.